फैजपूरचा ठराव आणि आमच्या घरचीं दोन मतें

२०२४ च्या लोकसभा-निवडणुकीच्या वेळीं एक उमेदवार आमच्या आळींत सभेस आले होते. शेजारच्या राष्ट्रांशीं आपण कसें वागावें या विषयावर ते पाऊण तास बोलले, आणि श्रोत्यांनीं टाळ्याहि पुष्कळ दिल्या. सभा संपतां संपतां एका वृद्ध शेतकऱ्यानें उभें राहून कांद्याच्या निर्यातबंदीविषयीं विचारलें. उत्तर आलें कीं, तो प्रश्न निराळा आहे, त्याचें पुढें पाहूं. घरीं परततांना आमच्या नातवानें विचारलें, "आजोबा, आपला कांदा दुबईला जातो, म्हणजे परराष्ट्रांतच जातो ना? मग त्यांचा प्रश्न निराळा कसा?"

मुलाच्या या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका जुन्या काव्यांत सांपडतें. माघकवीच्या शिशुपालवधाच्या दुसऱ्या सर्गांत कृष्ण, बलराम आणि उद्धव यांची मसलत वर्णिलेली आहे. तींत 'तंत्र' व 'आवाप' हे दोन शब्द येतात. टीकाकार सांगतात कीं, तंत्र म्हणजे स्वराष्ट्राची चिंता आणि आवाप म्हणजे परराष्ट्राची. ज्या राजास हीं दोन्ही कळतात त्यास शत्रु वश होतात, जसे मांत्रिकास सर्प. कवीनें हे दोन शब्द एकाच समासांत बांधले आहेत. उमेदवार मात्र बहुधा तो समास सोडवून, त्यांतील सोईचें पद तेवढें सभेंत घेऊन येतात.

खानदेशच्या शेतकऱ्यास हा समास पुस्तकावांचून शिकावा लागला. १८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि आमच्या तापीकांठच्या कापसाचा भाव आकाशास भिडला. १८६५ त युद्ध थांबलें. भाव खालीं आला. तेजीच्या भरंवशावर काढलेलें कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिलें. पुढें १९३३ त येथें जपानी कापडावरील जकात वाढली, म्हणून जपानी गिरण्यांनीं हिंदी कापूस घेण्याचें थांबविलें. १९३४ च्या आरंभीं करार झाला, तो असा कीं जपान येथून जितक्या गांठी उचलील त्या मानानें त्याचें कापड येथें येऊं द्यावें. जळगांवच्या बाजारांतील गाडीभर कापसाची किंमत अशा रीतीनें ओसाकाच्या गिरणीमालकांशीं बांधलेली होती. शेतकऱ्यानें ओसाकाचें नांवहि कदाचित् ऐकलेलें नसेल.

अशा या प्रांतांत, पूर्व खानदेशांतील यावल तालुक्यांत, फैजपूर येथें २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजीं काँग्रेसचें पन्नासावें अधिवेशन भरलें. खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ त झाले होते. जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें. खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें हें पहिलेंच अधिवेशन. गांधीजींच्या इच्छेवरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनीं बांबू, चटया, गवत अशा गांवच्याच साहित्यानें टिळकनगर उभारलें. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते आणि पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी व अमळनेरच्या शाळेंत पूर्वीं शिक्षक असलेले साने गुरुजी यांनीं या कार्यासाठीं अपार श्रम घेतले.

शोभेच्या वर्णनांत आम्ही शिरत नाहीं. आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट ही कीं, १९३५ च्या कायद्यान्वयें व्हावयाची प्रांतिक निवडणूक तेव्हां अगदीं तोंडावर आली होती. मताधिकार मिळकत, कर अथवा शिक्षण यांवर अवलंबून होता, तरी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत मिळून सुमारें ३ कोटि मतदार झाले होते. विशिष्ट मिळकत असलेल्या गृहस्थाची पत्नी म्हणून, अथवा स्वतः साक्षर म्हणून, पुष्कळ स्त्रियांसहि मत मिळालें होतें. तेव्हां फैजपूरचे ठराव म्हणजे, १९३६ च्या ऑगस्टांत मुंबईस मंजूर झालेल्या जाहीरनाम्यासह, काँग्रेसच्या उमेदवारानें मतदारापुढें ठेवलेली आपली नीतीच होती.

बाहेरच्या जगाविषयीं तो उमेदवार काय सांगत होता? युरोपांत मोठें युद्ध येत आहे; साम्राज्याच्या हितासाठीं होणाऱ्या त्या युद्धांत हिंदुस्थान आपलीं माणसें व पैसा देणार नाहीं; आणि हिंदी लोकांच्या संमतीवांचून त्यांस युद्धांत ओढण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. स्पेनमध्यें त्या वर्षीं लोकनियुक्त सरकाराविरुद्ध बंड झालें होतें. तेथील लोकांविषयीं फैजपुरास सहानुभूतीचा ठराव झाला.

आणि घराविषयीं? १९३५ चा कायदा आम्हांस मान्य नाहीं, आपली राज्यघटना आपणच निवडलेल्या घटनासमितीनें करावी, राजबंदी सोडावे, दडपशाहीचे कायदे रद्द करावे, अस्पृश्यता जावी, स्त्रीपुरुषांस समान हक्क असावे. येथपर्यंत आमच्यासारख्या सुशिक्षित घरांस अडचण नव्हती. खरी कसोटी फैजपूरच्या तेरा कलमी शेतकी कार्यक्रमांत होती. खंड व सारा पुष्कळ कमी करावा. पोट न भरणाऱ्या लहान तुकड्यांवर तो मुळींच नसावा. मागील खंडाची बाकी माफ व्हावी. कुळाची वहिवाट कायम व वारसांस मिळणारी असावी. वेठ व तसले जुने हक्क बंद व्हावे. कर्जाची चौकशी होऊन त्याचा भार उतरावा आणि तोंपर्यंत वसुली थांबावी. शेतमजुरास पोटापुरती मजुरी मिळावी. सहकारी शेतीचा प्रयोग व्हावा. हीं सर्व कलमें छापून गांवोगांव गेलीं होतीं. त्यांत गुप्त असें कांहींच नव्हतें.

आमचे आजोबा धुळ्याहून चाळीसगांव, भुसावळ करीत सावदा स्टेशनपर्यंत आगगाडीनें आणि तेथून बैलगाडीनें फैजपुरास गेले होते. पांझरेकांठीं आमची तीस-पस्तीस एकर जमीन होती व ती सारी कुळांकडे होती. शिवाय थोडी सावकारी. घरांत लहानमोठीं अठरा माणसें. आजोबा परत आले ते ठरावांचे कागद घेऊन, आणि त्या रात्रीं ओसरीवर त्यांचें वाचन झालें. ही हकीकत आमच्या आजीनें आम्हांस अनेकदां सांगितली आहे.

स्पेनचा ठराव वाचला गेला तेव्हां आजोबांचे धाकटे बंधु तात्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! फैजपूरच्या मांडवांतून थेट माद्रिदपर्यंत आवाज!" सगळे प्रसन्न झाले. दाराआड बसलेली आजी म्हणाली, "अहो, तें झालें. आतां खंडाचें काय म्हटलें आहे तें वाचा."

आजोबांनीं तें पान वाचलें. ओसरीवर कोणी बोलेना. मग तात्या म्हणाले, "वहिनी, निवडणुकींत असें लिहावेंच लागतें. निवडून आल्यावर कोण करतो!"

आजी म्हणाली, "भावजी, करायचें नसेल तर खोट्याला मत कशाला द्यायचें? आणि करायचें असेल तर आपल्या घरांतलें काय जाईल तें आज मोजा, मग मत द्या. उद्यां आम्हांला ठाऊक नव्हतें म्हणून रडूं नका."

त्या रात्रीं आजोबा खंडाची वही व गहाणखतें घेऊन बसले. पहाटेपर्यंत त्यांनीं हिशेब केला, आणि घरच्या उत्पन्नाचा निदान तिसरा हिस्सा जाणार असें त्यांस दिसलें. सकाळीं त्यांनीं तो आंकडा सर्वांना सांगितला. तात्या स्पष्ट म्हणाले, "मग माझें मत त्यांना नाहीं." आजोबांनीं व आजीनें मात्र काँग्रेसलाच मत दिलें. "कुळाच्या मुलांना आपल्या ओसरीवर उभें करून आपण किती वर्षें बाकी मागायची?" एवढेंच आजोबा म्हणाले. तात्यांचा राग कोणीं केला नाहीं, आणि त्यांच्या पानांत आजी तूपहि पूर्वीइतकेंच वाढीत राहिली.

पुढें काय झालें तें पाहूं. मुंबई प्रांताच्या विधानसभेंत १७५ पैकीं ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. येथें त्या उमेदवाराच्या एका उणीवेचा उल्लेख केला पाहिजे. निवडून आल्यावर मंत्रिपद घेणार कीं नाहीं, हा प्रश्न फैजपुरास निवडणुकीनंतरवर ढकलला गेला होता. कायदा मोडण्यास जातों असें सांगणारा त्याच कायद्याखालीं अधिकार घेणार का, हें मतदारास मत देतेवेळीं कळलें नाहीं. अखेर जुलै १९३७ मध्यें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें. दोन वर्षांत त्यानें पुष्कळ काम केलें. १९३९ त कूळकायदा व शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, हे दोन्ही संमत झाले. तात्यांचें भाकीत खोटें ठरलें. आजीनें मोजावयास सांगितलें तें योग्यच झालें.

आणि मग, घरचीं कलमें कोठें अमलांत येऊं लागत आहेत तोंच, बाहेरचें कलम दाराशीं येऊन उभें राहिलें. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं लोकांच्या प्रतिनिधींस न विचारतां हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें जाहीर केलें. फैजपुरास ज्या वचनावर टाळ्या पडल्या होत्या त्याची किंमत आतां द्यावयाची होती. नोव्हेंबरांत खेर मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. ज्यांनीं केवळ खंड कमी व्हावा म्हणून मत दिलें होतें, त्यांचें सरकार पोलंडवर हल्ला झाल्याच्या निमित्तानें गेलें.

दूरच्या राष्ट्रांविषयींचे ठराव फुकटचे असतात, असें मानणाऱ्यांनीं आणखी दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. १९३८ त काँग्रेसनें चीनला वैद्यकीय पथक पाठविलें, त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजीं ते तिकडेच वारले. दुसरी गोष्ट आमच्या पश्चिम खानदेशांतली. युद्धामुळें उद्भवलेल्या १९४२ च्या आंदोलनांत, ९ सप्टेंबर रोजीं नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळीनें पडला. फैजपूरच्या मांडवांत युद्धविरोधी ठराव झाला तेव्हां तो दहा वर्षांचा होता.

घरच्या नीतीचा शेवटहि सांगावयास हवा. १९४८ त नवा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळें जमिनीचीं मालक झालीं. आमची पांझरेकांठची जमीन गेली. वडील व काका नोकरीसाठीं शहरांत आले, अठरा माणसांचें घर विस्कटलें. आमच्या लहानपणीं सणावारीं सर्व जमले म्हणजे "काँग्रेसनें आपल्याला फसविलें" हें वाक्य आम्ही हमखास ऐकत असूं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तें ऐकलें गेलें असेल. आजी तेव्हां फार थकली होती, तरी एका दिवाळीस ती म्हणाली, "फसवलें कसें? छापून दिलें होतें. मी हिशेब करायला लावला होता." ज्या कुळाकडे आमची जमीन गेली त्या घरांतील मुलगा पुढें आमच्याच वर्गांत शिकला, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. हानि झाली ती खरी. परंतु तिला फसवणूक म्हणणें खरें नव्हे. सर्व कलमें साधलीं असेंहि नाहीं. सहकारी शेती कांहीं रुजली नाहीं, आणि ज्याला ना जमीन ना कूळहक्क त्या शेतमजुरास कूळकायद्यानें फारसें दिलें नाहीं.

आम्ही येथें कोणा पक्षाची तरफदारी करीत नाहीं. सांगावयाचें एवढेंच कीं, उमेदवाराची परराष्ट्रनीति व गृहनीति हीं एकाच नाण्याच्या तोलाचीं असतात, आणि आपण सुशिक्षित लोक पहिलीवर बोलतों व दुसरी न वाचतांच मत देतों, कारण दुसरींत आपली वही उघडावी लागते. २०२५ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के आयातकर वर्षअखेरपर्यंत उठविला, तेव्हां जळगांव-धुळ्याच्या कापूस पिकविणारास हा विषय परदेशाचा कीं घरचा, हें विचारण्याची गरज नव्हती.

म्हणून पुढील निवडणुकींत उमेदवार दारीं आले तर वाचकांनीं त्यांस बसावयास सांगावें, पाणी द्यावें, आणि तीन गोष्टी विचाराव्या: जगाविषयीं आपण जें बोलतां त्याची किंमत आमच्या तालुक्यांत कोण देणार? घराविषयीं आपण जें देऊं म्हणतां तें कोणाच्या घरांतून घेणार? आणि कोणत्या प्रश्नावर आपण आज मौन धरलें आहे? आमच्या नातवानें हे तीन प्रश्न आपल्या वहींत उतरून घेतले आहेत. त्यास मत मिळावयास अद्याप चार वर्षें अवकाश आहे. तोंपर्यंत हिशेब करण्याची संवय त्यास लागावी, अशी आमची खटपट चालू आहे. आजोबांची ती खंडाची वही आम्हीं त्याच्याच हवालीं केली आहे.