मुदपाकखान्यातील प्रार्थना

ख्रिस्ती परंपरेत प्रार्थना म्हटली की ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत आणि बहुधा समुदायाने केलेली उपासना डोळ्यांसमोर येते. परंतु या वाचिक प्रार्थनेच्या पुढे आणखी दोन पायऱ्या चर्चच्या आध्यात्मिक वाङ्मयात फार पूर्वीपासून मानल्या गेल्या आहेत. धर्मग्रंथातील एखादा प्रसंग मनात घोळवत राहणे, हे मनन. आणि शब्द व विचार दोन्ही ओसरल्यावर ईश्वराकडे नुसते लागून राहिलेले प्रेमपूर्ण अवधान, ही चिंतनात्मक प्रार्थना होय. या शेवटच्या पायरीवर माणसाच्या खटपटीपेक्षा ईश्वरी कृपेचाच वाटा मोठा असतो, असे गूढवादी लेखक, म्हणजे ईश्वराच्या प्रत्यक्ष अनुभवाविषयी लिहिणारे लेखक, सांगत आले आहेत. स्पेनमधील आविला येथील संत तेरेसा हिने १५६२ मध्ये कार्मेल या संन्यासी संघाच्या सुधारणेस प्रारंभ केला, तो अशा प्रार्थनेला एकांत मिळावा म्हणूनच. तरीही आज्ञापालनासाठी स्वयंपाकघरात जावे लागले तर प्रभू तेथील भांड्याकुंड्यांतही वावरत असतो, असे तिने आपल्या मठवासी भगिनींना लिहून ठेवले, आणि एकांत व कामधंदा यांतील पेच तेव्हापासून कार्मेल परंपरेच्या पाठीशी लागला.

या पेचाचे सर्वांत सरळ उत्तर ज्याने दिले तो विद्वान नव्हता, पुरोहितही नव्हता. निकोला हर्मन हा लोरेन प्रांतात सुमारे १६१४ मध्ये जन्मलेला तरुण तीस वर्षांच्या युद्धात सैनिक होता. तेथे जखमी होऊन तो कायमचा लंगडा झाला, पुढे एका खजिनदाराकडे हुजऱ्या म्हणून राहिला आणि हातून वस्तू फुटण्याबद्दल त्याची ख्याती झाली. १६४० मध्ये तो पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरील, तेरेसाच्या सुधारणेतून निघालेल्या अनवाणी कार्मेलाइटांच्या मठात दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स या नावाने ओळखला जाऊ लागला. मठातील त्याचे स्थान श्रमबंधूचे, म्हणजे दीक्षा असूनही पौरोहित्याचा अधिकार नसलेल्या आणि अंगमेहनतीची कामे करणाऱ्या सेवकाचे होते. सुमारे पंधरा वर्षे त्याने मुदपाकखाना सांभाळला, आणि नंतर त्याच्याकडे चपला दुरुस्त करण्याचे काम आले, कारण संघाचे नाव अनवाणी असले तरी हे संन्यासी साध्या चपला वापरीत.

लॉरेन्सला स्वयंपाकाची मनापासून नावड होती, ही गोष्ट त्याचे नाव घेऊन कार्यालयीन ताणावर उतारा सुचवणारी आजची पुस्तके सहसा सांगत नाहीत. दारू खरेदीसाठी त्याला बर्गंडीला पाठवले जाई, तेव्हा व्यवहारात तो कच्चा होता आणि अधू पायामुळे नावेत पिंपांवरून सरपटतच पुढे जाता येई. तव्यावरचे ऑम्लेट उलथतानाही ते ईश्वरावरील प्रेमासाठी उलथायचे, एवढाच त्याचा नेम होता. कामाला हात घालण्यापूर्वी मनातल्या मनात मदत मागावी, काम चालू असता मधूनमधून ईश्वराशी दोन शब्द बोलावे, काम संपल्यावर ते कसे झाले ते पाहावे, आणि मन भरकटल्याचे ध्यानात येताच चूक कबूल करून, पश्चात्तापाचा फार बाऊ न करता, पुन्हा तिकडे वळावे, असा त्याचा क्रम होता. प्रार्थनेच्या निरनिराळ्या पद्धती शिकवणारे ग्रंथ त्याने चाळले होते. पण त्यांनी गोंधळच वाढला, म्हणून ते बाजूला ठेवले. ही वाट सोपी मात्र नव्हती. पहिली दहाएक वर्षे आपण तारले जाणार नाही या भयाने त्याला ग्रासले होते, आणि ते भय कोणत्याही युक्तीने नव्हे, तर त्याचा नाद सोडून दिल्यावर गेले.

येथे सावता माळ्याच्या मळ्यातील भाजीपाल्याची आठवण मराठी वाचकाला होणे साहजिक आहे, तथापि दोघांत एक महत्त्वाचा फरक आहे. सावतोबांना भाजीतच विठ्ठल दिसतो. लॉरेन्सचा ईश्वर तव्यात नाही, तो तव्याजवळ उभा आहे आणि त्याच्याशी बोलता येते. निर्मिती आणि निर्माता वेगळे, ही ख्रिस्ती श्रद्धेतील सीमा त्याच्या सर्वांत निकटच्या अनुभवातही पुसली जात नाही.

१६९१ मध्ये लॉरेन्स वारला, आणि त्याच्याशी १६६६-६७ मध्ये झालेली संभाषणे व त्याची पत्रे जोसेफ द बोफोर या पुरोहिताने लगेचच्या वर्षांत प्रसिद्ध केली. परंतु काळ अनुकूल नव्हता. मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश पुरोहिताची शिकवण रोमने १६८७ मध्ये निषिद्ध ठरवली होती. आत्म्याने संपूर्ण निष्क्रिय व्हावे, मग प्रयत्न, विधी, फार काय पापाशी झगडणेही गौण ठरते, असा तिचा अर्थ लावला गेला होता, आणि या मताला निष्क्रियतावाद म्हटले जाई. फ्रान्समध्ये गूढवादी लेखिका मादाम ग्युयाँ हिला याच मताच्या संशयावरून कैद झाली. लॉरेन्सला भेटलेला आणि त्याच्याविषयी आदर बाळगणारा आर्चबिशप फेनेलाँ याच्या ग्रंथातील तेवीस विधाने पोपने १६९९ मध्ये दोषार्ह ठरवली. प्रार्थनेची वेळ आणि इतर वेळ यांत भेदच उरत नाही, असे म्हणणारा आचारीही अशा वातावरणात धोक्याचा वाटणारच. वस्तुतः त्याने मठाचा एकही नियम मोडला नव्हता आणि हातातले काम सोडून तो कधी निष्क्रिय बसला नव्हता. पुढे त्याला प्रॉटेस्टंटांत आदराचे स्थान मिळाले, आणि इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने आपल्या धर्मग्रंथमालेत त्याचे वेचे घेतले.

अशा प्रार्थनेविषयीचा चर्चचा हा संशय सतराव्या शतकातच संपला असे नाही, आणि त्याचे एक अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात व नंतर लोणावळ्यात साधना संस्थेद्वारे प्रार्थनेचे शिक्षण दिले. १९७८ मधील त्यांच्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकात श्वासाकडे व शरीरातील संवेदनांकडे लक्ष देण्याचे अभ्यास आहेत, ज्यांवर विपश्यनेची छाप उघड दिसते. त्याच पुस्तकातील एका अभ्यासात रिकामी खुर्ची समोर ठेवून येशू तीत बसला आहे अशा भावनेने त्याच्याशी बोलायचे असते. लॉरेन्सच्या मुदपाकखान्याशी डिमेलोंचे नाते जुळते ते श्वासाच्या अभ्यासापेक्षा या खुर्चीमुळे अधिक. १९८७ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर अकरा वर्षांनी व्हॅटिकनने काढलेल्या सूचनापत्रात त्यांचे आरंभीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत बसणारे, तर नंतरचे तिच्यापासून उत्तरोत्तर दूर जाणारे ठरवले. तेव्हापासून भारतात त्यांच्या पुस्तकांच्या आवृत्त्यांत एक टीप छापली जाऊ लागली: हे लेखन बहुधर्मी परिस्थितीत, अन्यधर्मीय, अज्ञेयवादी आणि नास्तिक यांच्या आध्यात्मिक शोधाला मदत व्हावी म्हणून झाले असून कॅथलिक श्रद्धावंतांना धर्मसिद्धांत शिकवणे हा लेखकाचा हेतू नव्हता.