सुवर्णशोधन व खनिजसंग्रह, सार्वजनिक वनांतील
छंद म्हणून नदीपात्रातील गाळ थाळीत धुऊन सोन्याचे कण वेचणे, तसेच खडक, खनिजे, रत्नखडे व जीवाश्म जमविणे या गोष्टींवर सार्वजनिक वनांत निर्बंध घातले जातात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राष्ट्रीय वनांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरला आहे. कारण तेथील भूमी शासनाची असली, तरी खनिजे शोधण्याचा हक्क कायद्याने नागरिकांना दिलेला आहे.

सोन्याचे वि. गु. सु. १९·३, तर क्वॉर्ट्‌झचे २·६५ असते. त्यामुळे थाळी पाण्यात गोलाकार हालविली असता हलकी वाळू वाहून जाते व सोने तळाशी राहते. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे सोने सापडल्यावर तेथे या रीतीचा मोठा प्रसार झाला. १८७२ च्या खाणकाम कायद्याने सार्वजनिक भूमीवर सोने इ. खनिजांचा शोध घेऊन दावा नोंदविण्याची मुभा दिली. १८९७ च्या कायद्याने ती राखीव वनांतही नियमांच्या अधीन राहून कायम ठेवली.

वनसेवेच्या १९७४ च्या नियमांनुसार भूपृष्ठाची लक्षणीय हानी संभवत असल्यास अधिकाऱ्यास पूर्वसूचना द्यावी लागते. हानी होणार असे दिसल्यास कार्ययोजना मंजूर करून घ्यावी लागते. थाळी व हाती अवजारे यांचा मर्यादित वापर सामान्यतः यातून वगळलेला आहे. मात्र दुसऱ्याच्या नोंदलेल्या दाव्यावर त्याच्या संमतीवाचून सोने शोधता येत नाही. संरक्षित रानप्रदेशांत १९८४ पासून नवे दावे बंद झाले. सामान्य खडकांचे थोडे नमुने स्वतःसाठी घेता येतात; विक्रीसाठी परवाना लागतो. पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म व शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू परवान्याशिवाय काढता येत नाहीत. राष्ट्रीय उद्यानांतील नियम याहून कडक असून तेथे खडक उचलण्यासही सामान्यतः मनाई असते.

खरा वाद यांत्रिक चूषण-उपशाविषयी आहे. या यंत्राने तळाचा गाळ पंपाने ओढून घेतला जातो. सॅमन मासे तळाच्या खड्यांत अंडी घालतात. यंत्राने ती नष्ट होऊ शकतात किंवा बारीक गाळाखाली दबून प्राणवायूअभावी मरतात. शिवाय एकोणिसाव्या शतकात सोने वेगळे करताना सांडलेला पारा ढवळला जाऊन पाण्यात पसरतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने या उपशास स्थगिती दिली. २०१६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, १८७२ च्या कायद्यामुळे अशी राज्यबंदी बाधित होत नाही, असा निर्णय दिला. तत्पूर्वी २०१२ मध्ये क्लॅमथ नदीवरील कारूक जमातीच्या दाव्यात संघीय अपील न्यायालयाने असे ठरविले, की संकटग्रस्त कोहो सॅमनच्या अधिवासात अशा कामास वाव देण्यापूर्वी वनसेवेने वन्यजीव अभिकरणांशी विचारविनिमय केला पाहिजे.

यावरून निर्बंधांचे तत्त्व स्पष्ट होते. संग्राहकाचा हेतू छंदाचा आहे की व्यवसायाचा, यापेक्षा त्याच्या साधनाने भूमी व पाणी यांत किती बदल होतो, यास अधिक महत्त्व दिले जाते. एका थाळीने होणारा बदल पुढील पुरात पुसला जातो; परंतु अनेकांनी एकाच ठिकाणी काठ खणल्यास झाडांची मुळे उघडी पडून काठ ढासळतो. म्हणूनच हाती अवजारांच्या वापरासही काठ न खणणे, खड्डे बुजविणे व माशांच्या प्रजननकाळात प्रवाहापासून दूर राहणे अशा अटी स्थानिक वनाधिकारी घालू शकतात.