भिंतीआडच्या पहारेकरणी

भायखळ्याच्या तुरुंगाजवळून जाताना माझी नजर त्या उंच भिंतीवर रेंगाळते. २३ जून २०१७ ला आतल्या मंजुळा शेट्येचा मृत्यू झाला. जन्मठेपेची कैदी, पण चांगल्या वर्तणुकीमुळे वॉर्डर नेमलेली. अंडी-पावाचा हिशेब जुळला नाही म्हणून तिला बेदम मारले, असा आरोप झाला. खुनाच्या गुन्ह्यात अटक झालेल्या सहाही जणी तुरुंगाच्या महिला कर्मचारी होत्या. “बाईमाणूस असून?” असे तेव्हा लालबाग-परळमध्ये जो तो म्हणे.

युद्धानंतर जगालाही हाच प्रश्न पडला होता. हिटलरच्या छळछावण्यांत सुमारे साडेतीन हजार स्त्रिया पहाऱ्यावर होत्या. बहुतेकींचे शिक्षण राव्हेन्सब्रुकच्या महिला छावणीत झाले. या काही राक्षसिणी नव्हत्या. कारखान्यात, घरकामात राबणाऱ्या साध्या मुली. बरा पगार, राहायला जागा आणि अंगावर गणवेश मिळाला. इर्मा ग्रेझे त्यांतलीच. ब्रिटिश लष्करी न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर १९४५ मध्ये ती फासावर गेली, तेव्हा अवघी २२ वर्षांची होती. हर्मिने ब्राउनश्टायनर मात्र न्यूयॉर्कमध्ये गृहिणी म्हणून राहत होती. १९६४ मध्ये तिचा पत्ता लागला आणि जन्मठेप झाली १९८१ मध्ये. बाकी बहुतेकींना कोर्टाची पायरी चढावीच लागली नाही.

छळछावणी आणि आपला तुरुंग यांची बरोबरी होऊ शकत नाही. तिथे क्रौर्य हेच सरकारी धोरण होते. इथे कायदा मारहाणीला गुन्हा मानतो. पण एक धडा दोन्हीकडे सारखा आहे. स्त्री कैद्यांवर स्त्रियांचाच पहारा हवा, हा आपला नियम योग्यच. त्याने अब्रू राखली जाते. पण सत्तेचा माज आवरत नाही. बंद भिंत, हाती काठी आणि विचारणारे कोणी नाही, अशा ठिकाणी बाईचा हातही तितक्याच जोराने पडतो.

म्हणून न्यायालयाने बाईपण तपासायचे नसते. कोणी काय केले आणि कोणी पाहिले, एवढेच पाहायचे असते. जर्मनीतल्या त्या खटल्यांत हे सांगायला पूर्वीच्या कैदी स्त्रिया उभ्या राहिल्या. भायखळ्यातही मंजुळाच्या मृत्यूनंतर कैदी बायका छतावर चढून ओरडल्या. त्यांच्यावरच दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. पण त्या ओरडल्या, म्हणून भिंतीबाहेरच्या आपल्याला मंजुळाचे नाव कळले.