उसाच्या फडात पिलांना शोधणारी आई

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूरकडची माणसं मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पहाटे अंधारातच तोड सुरू होते. तान्हं मूल बांधावर झोळीत असतं आणि आईच्या हातात कोयता. अशाच एखाद्या सकाळी, जुन्नर नाहीतर संगमनेरकडच्या फडात, पाचटात काहीतरी हलतं. बिबट्याची इवलीशी पिलं असतात ती. आई मात्र कुठेच दिसत नाही.

ती पिलांना टाकून गेलेली नसते. शिकारीला गेलेली असते, नाहीतर शेजारच्या उभ्या उसात दबून बसलेली असते. माणसांची वर्दळ असेपर्यंत तिला पिलांपर्यंत पोचता येत नाही.

मुळात बिबट्या उसात आलाच कसा? ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो. त्यात गारवा, पाणी, आडोसा मिळतो आणि आसपास भटकी कुत्री, डुकरं, शेळ्या असतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जिथे चौरस किलोमीटरमध्ये तीनशेहून अधिक माणसं राहतात, अशा शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. मादी तिथेच विते. साधारण दोन-तीन पिलं होतात, जन्मतः डोळे मिटलेली. पुढे वर्ष-दीड वर्ष ती आईच्याच आधाराने वाढतात.

म्हणून पिलं सापडली की घड्याळ सुरू होतं. वनखात्याची माणसं येतात, तोड थांबते. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रात वनखात्याबरोबर 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था काम करते. तिथले पशुवैद्य पिलं तपासतात. गोचिड्या काढतात, जखमा आणि अशक्तपणा पाहतात, कातडीखाली ओळखीची चिप बसवतात. सूर्य कलला की पिलं खोक्यात घालून, सापडली त्याच जागी किंवा अगदी जवळ ठेवली जातात. भोवती स्वयंचलित कॅमेरे लागतात आणि माणसं लांब जातात.

मग अंधारात ती येते. थबकते, वास घेते, खोक्याभोवती फिरते. खोकं आडवं पाडते आणि एका पिलाची मान अलगद दातांत धरून उसात नाहीशी होते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. कधी हे पहिल्याच रात्री घडतं, कधी दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. माणसाचा हात लागला म्हणून आई पिलू नाकारते, हा समज या कॅमेऱ्यांनी खोटा ठरवला आहे. अशी शंभराहून जास्त पिलं महाराष्ट्रात आईकडे परतली आहेत.

उचललेलं पिलू धडपडत का नाही? जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदराची पिलं आणि माणसाची तान्ही बाळं तपासली. आई उचलून चालू लागली की दोघांचीही हालचाल थांबते, रडणं शमतं, हृदयाचे ठोके मंदावतात. बांधावरचं रडणारं बाळ आईने उचलून घेताच शांत होतं, त्यामागे शरीराची हीच जुनी शहाणीव आहे.

पिलं आईकडे परत पोचवण्यात भाबडेपणा नाही. या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली आहेत, लहान मुलंही. पिलं हरवलेली मादी त्याच शिवारात घिरट्या घालते, चवताळते. पिलू परत देणं हा तोडणी कामगारांच्या स्वतःच्या मुलांना जपण्याचाही मार्ग आहे.

तेव्हा फडात पिलू दिसलं तर उचलू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. तोड थांबवा, स्वतःची मुलं जवळ घ्या, सगळे मिळून मागे सरा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.