मुंबई प्रांतिक विधानसभा, पहिली (१९३७–४६)

१९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये स्थापन झालेले मुंबई प्रांताचे १७५ सदस्यांचे कनिष्ठ सभागृह. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु त्याने प्रारंभी अधिकारग्रहण नाकारल्याने धनजीशा कूपर यांचे अल्पजीवी मंत्रिमंडळ आले. जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर मुख्यमंत्री झाले. गणेश वासुदेव मावळंकर सभापती होते.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. कर्जाचा बोजा मात्र तसाच राहिला. त्यामुळे कूळ व कर्ज हे सभेपुढील प्रमुख प्रश्न होते. वाशिष्ठीच्या मुखावरील अंजनवेल ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तेथे खोती पद्धत रूढ होती : खोत कुळांकडून सरकारी साऱ्याखेरीज स्वतःचा फायदाही वसूल करी. ती रद्द करणारे विधेयक भीमराव रामजी आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत सभागृहावर मोर्चा नेला. तथापि विधेयक संमत झाले नाही.

१९३९ मध्ये कर्जनिवारणाचा व कूळवहिवाटीचा कायदा झाला. दुसऱ्याने ‘संरक्षित कूळ’ ही संकल्पना आणली. पण त्याची अंमलबजावणी सुरुवातीस निवडक जिल्ह्यांपुरतीच होती. युद्धप्रश्नावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व कारभार गव्हर्नरकडे गेला. १९४६ मध्ये नव्या निवडणुका झाल्या. खोती संपविणारा कायदा १९४९ मध्ये, खेर यांच्याच दुसऱ्या कारकीर्दीत झाला.