पुरुषाची जात

गेली बरीच वर्षे मी महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर फिरून म्हणी, वाक्प्रचार आणि टोमणे टिपून ठेवते आहे. माझ्यापाशी पदवी नाही, वह्या आहेत. बाईविषयीच्या म्हणींनी दोन वह्या भरल्या. पुरुषांविषयीची मात्र एकच वही होती आणि तिच्यावर मी 'विनोद' असे लिहून ठेवले होते. मागच्या पावसाळ्यात त्या वह्या लावताना हा मथळा खटकला. त्या खटकण्यातून हा लेख झाला.

या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्दप्रयोग आहे 'पुरुषाची जात'. 'पुरुषाची जात मेली, तिचा काय भरवसा' किंवा 'पुरुषाच्या जातीला पोराचं काय कळतंय', असे तो येतो. बोलणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि ऐकणारे हसतात. पण ज्या महाडात जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याविरुद्ध लढा झाला, तिथेच 'जात' हा शब्द इतक्या सहज दुसऱ्या कुणाला लावला जातो, हे मला विचार करण्याजोगे वाटले. पुरुषांविषयीचा पूर्वग्रह समाजाने अमान्य ठरवावा का, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

वहीतल्या शब्दांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात पुरुष मुळातच वाईट किंवा निर्बुद्ध ठरतो. दुसऱ्या गटात तो 'पुरेसा पुरुष' नसतो: बाईलबुद्ध्या, बायकोच्या ताटाखालचं मांजर, घरजावई, बसून खाणारा, 'बायकांसारखा रडतोस काय', 'हातांत बांगड्या भर'. हा दुसरा गट मोठा आहे आणि तो पुरुषही पुरुषांना ऐकवतात. त्यातला दंश कुठून येतो ते पाहावे. बांगड्या हा अपमान ठरतो तो बाई असणे हीन मानले म्हणून. एकाच शब्दात दोघांचा अपमान होतो.

आमच्या भागात या शब्दांना धार का आली, याची कारणे इथल्या इतिहासात आहेत. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव पोलादपूर तालुक्यात. महाड तालुक्यातल्या आंबवड्याला तर 'फौजी आंबवडे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात एकट्या या गावातून शंभराहून अधिक जण गेले. बाकीची घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली. पुरुषाने लढावे किंवा कमवावे, ही दोनच मापे राहिली. तिसरे माप कुणी ठेवलेच नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. माझे वडील त्यांतले एक. संप रीतसर मागे घेतला गेला नाही आणि त्यांची नोकरीही परत आली नाही. गावी आल्यावर ते पडवीत बसत. आई शेतावर आणि मजुरीला जाई. शेजारच्या काकी मोठ्याने म्हणत, "आमचे भावजी बसून खातायत." वडील तेव्हा चूल पेटवत, भात शिजवत, आमच्या वेण्या घालत, पण कुणी दारात आले की हातातला फणी-तेलाचा डबा मागे लपवत. मीही त्यांना एकदा म्हणाले होते, "बाबा, तुम्ही नका घालू वेणी, मुली हसतात." त्यांनी पुन्हा कधी घातली नाही. पूर्वग्रह फक्त वाईट माणसे बाळगतात असे मी मानत नाही, ते यामुळे.

टोमण्यांपुरतेच हे राहत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत आईला १८० दिवसांची रजा आहे, बापाला १५ दिवसांची. बाळंतिणीला विश्रांती हवी हे खरे. पण इतका फरक केवळ शरीराचा नाही, मूल सांभाळणे हे कुणाचे काम याविषयीच्या समजुतीचाही आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण दिले. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३७७ नाही, आणि प्रौढ पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला तर त्यासाठी वेगळे कलमही नाही. असे घडत नाही, किंवा घडले तरी पुरुषाने ते सोसावे, हा समज त्यामागे उभा दिसतो.

यावर रास्त आक्षेप आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. अशा देशात बाई पुरुषाकडे संशयाने पाहते, तर तिला पूर्वग्रहदूषित म्हणायचे का? आणि पुरुषांवरच्या टोमण्यांना जातिभेदाच्या पंक्तीला बसवायचे का? माझे उत्तर दोन्हींना 'नाही' असे आहे. पुरुषांना पाण्यावाचून, शाळेवाचून कुणी ठेवलेले नाही. रात्रीच्या एसटीत बाई जागा बदलते ती सावधगिरी आहे. सत्ता गाजवणाऱ्यांवर टीका करणे हाही पूर्वग्रह नव्हे.

इथे ताराबाई शिंद्यांची आठवण होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, तेव्हा १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. तिच्यातला संताप आजही भाजतो. तरी तिचा गाभा असा की, जे दुर्गुण तुम्ही बाईच्या जन्माला चिकटवता ते पुरुषांतही आहेत. म्हणजेच दुर्गुण जन्माचा नसतो. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. हाच युक्तिवाद पुढे नेला तर 'पुरुषाची जात'सुद्धा टिकत नाही.

म्हणून मी रेषा अशी ओढते. सावधगिरी आणि टीका मान्य. पण समोरच्या एका माणसाने काय केले हे न पाहता केवळ पुरुष म्हणून त्याचा निकाल लावणे, त्याच्या मायेवर, दुःखावर किंवा तक्रारीवर अविश्वास दाखवणे, हे अमान्य असावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. कर्ज, आजार, दारू, घरगुती कलह अशी कारणे अनेक, आणि सगळा भार टोमण्यांवर टाकता येणार नाही. तरी ज्याला रडायची मुभा नाही तो मदत मागायला उशिरा जातो, हे समजायला सर्वेक्षण लागत नाही.

अमान्य करायचे म्हणजे काय, हेही महाडच शिकवते. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये रावबहादूर बोल्यांचा ठराव मंजूर केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष तळ्यावर गेले, मार खाल्ला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. त्या लढ्याशी आपल्या प्रश्नाची बरोबरी नाही. धडा एवढाच की, ठरावाने रीत बदलत नाही; कुणीतरी ती सर्वांसमोर मोडावी लागते.

आपल्या बाबतीत ते काम लहान आहे. टोमणा आला की हसायचे नाही. बाप पोराला कडेवर घेऊन दवाखान्यात आला की 'आई कुठाय?' असे आधी विचारायचे नाही. घरी बसलेल्या माणसाच्या हातचा भात त्याच्या नावाने वाखाणायचा. यात बाईचे काहीच जात नाही; उलट चूल आणि मूल या ओझ्याला दुसरा खांदा मिळतो.

वहीवरचा 'विनोद' हा शब्द मी खोडला आहे. तिथे दुसरे नाव अजून लिहिलेले नाही. पहिल्या पानावर मात्र काकींच्या टोमण्याखाली माझे स्वतःचे वाक्य उतरवून ठेवले आहे, तारखेशिवाय: "बाबा, तुम्ही नका घालू वेणी."