अब्रुनुकसानीचा दावा आणि नियामकाचे मौन

अंधेरी, घाटकोपर, बोरीवली वा मुलुंड येथील ज्या नोकरदाराने पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुंजी समभागांत गुंतविली आहे, त्याला शेअरबाजाराच्या अंतरंगात काय चालते हे कळावे कसे? बाजाराचे दप्तर त्याला पाहावयास मिळत नाही, आणि सेबीची चौकशी पुरी होईतो वर्षे लोटतात. उरते ते वृत्तपत्र. म्हणूनच वृत्तपत्रावर एखाद्या धनाढ्य संस्थेने लावलेला अब्रुनुकसानीचा दावा हा केवळ दोन पक्षांचा तंटा राहत नाही.

या संदर्भात २०१५ सालच्या एका प्रकरणाचे स्मरण देणे आम्हांस अगत्याचे वाटते. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअरबाजारात काही दलालांच्या संगणकांना भावांची माहिती इतरांच्या निमिषभर आधी मिळते, असा आरोप करणारे एका माहीतगाराचे निनावी पत्र 'मनीलाइफ'च्या सुचेता दलाल व देबाशिष बसू यांनी प्रसिद्ध केले. छापण्यापूर्वी त्यांनी बाजार व सेबी या दोघांकडेही विचारणा केली होती. ती निरुत्तर राहिली. पुढे बाजाराकडून आला तो १०० कोटी रुपयांचा दावा! मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी ९ सप्टेंबर २०१५ रोजी मनाईहुकुमाचा अर्ज फेटाळला आणि उलट बाजारासच ५० लाखांचा खर्च भरण्यास फर्माविले. त्यांतील ४७ लाख टाटा व मसीना या रुग्णालयांसाठी होते.

सेबीचा निर्णय आला तो एप्रिल २०१९ मध्ये. ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा तो आदेश जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने रद्द केला आणि दक्षतेतील कसुरीबद्दल १०० कोटी भरण्यास सांगितले. नियामकाच्या अधिकारास अशा मर्यादा असाव्यातच. पुराव्यावाचून शिक्षा हा न्याय नव्हे. परंतु नियामकाचा हात जेथे इतका सावकाश चालतो आणि पुढे अडतोही, तेथे वृत्तपत्राचेही तोंड बांधले, तर गुंतवणूकदाराने पाहावे कोणाकडे?

सचोटीच्या व्यापाऱ्याची अब्रू ही त्याची भांडवलाहून मोठी ठेव असते, हे आम्ही जाणतो. बेजबाबदार लेखणीस शासन झालेच पाहिजे. मात्र अनेक दावे जिंकण्यासाठी नसतात. तारखा आणि वकिलांची बिले यांनी छोट्या पत्राचा दम काढण्यासाठी असतात. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग-झी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने लेख हटविण्याचा अंतरिम हुकूम रद्द करून हाच धोका दाखविला.

तेव्हा पोकळ दावे न्यायालयांनी आरंभीच खर्चासह फेटाळावेत, सेबीने गंभीर तक्रारींना ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे, आणि आम्हां वृत्तपत्रांनी खातरजमेवाचून एक ओळही छापू नये. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्नकर्त्यालाच कोर्टात खेचणाऱ्याची अब्रू वृत्तपत्रामुळे नव्हे, त्याच्या मौनामुळेच जाते.